वाळलेले हात, सुटलेलं पोट

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या बायकांमध्ये एक ठेवण वारंवार दिसते. दंड वाळलेले, पोटऱ्या बारीक, गालफडं बसलेली, मनगटातली बांगडी कोपराकडं सरकणारी. आणि तरीही पोट पुढं आलेलं. वजन करावं तर चाळीस-पंचेचाळीस किलो भरतं. अशा बाईला दोन सल्ले मिळतात. दवाखान्यात सांगतात, वजन कमी आहे, खाणं वाढवा. घरीदारी सांगतात, पोट सुटलंय, रात्रीची भाकर बंद कर. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत, म्हणून ती सोपा वाटणारा सल्ला धरते आणि ताटातलं आणखी कमी करते. मग वजन उतरतं, पोट जवळपास तसंच राहतं आणि जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागू लागतो. या प्रकरणात मांडायचं आहे ते एवढंच: वाळलेले हातपाय आणि सुटलेलं पोट ही बहुतेक वेळा एकाच उणिवेची दोन रूपं असतात आणि ती उणीव स्नायूंची असते. म्हणून पोटाच्या धास्तीनं अशा बाईनं खाणं तोडू नये. तिनं वजन वाढवावं, पण ते हातापायांवर चढेल अशा रीतीनं वाढवावं.

शरीर असं का घडतं, याचा फार मोलाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची पाहणी सुरू केली. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण पुण्याची बाळं सगळ्याच बाबतीत सारखी लहान नव्हती. त्यांचे दंड बारीक होते, पोटाचा घेर बराच कमी होता, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. गर्भात अन्न कमी पडलं की शरीर स्नायूंमध्ये काटकसर करतं आणि चरबी राखून ठेवतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढं २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३ होता. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. मराठवाड्यात आज पासष्ट-सत्तरीत असलेल्या बायका १९७२ च्या दुष्काळात ऐन वाढीच्या वयात होत्या. अनेकींनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. त्यापुढं लहान वयातलं लग्न, पाठोपाठची बाळंतपणं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाण्याची रीत. स्नायूंची पुंजी मुळात तुटपुंजी असलेल्या या पिढीला म्हातारपण आलं आहे, हे ध्यानात घेतलं तर तिच्या पोटाचा दोष तिच्या खादाडपणाला देणं अन्यायाचं ठरतं.

त्यात वयाची भर पडते. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक चरबी मांड्या आणि नितंबांकडं वळवत असतं. पाळी गेली की ते घटतं आणि तीच चरबी पोटात, आतड्यांच्या आणि यकृताच्या आसपास साठू लागते. दुसऱ्या बाजूनं स्नायू दरवर्षी थोडेथोडे झिजत जातात आणि त्यांची ताकद त्याहून वेगानं उतरते. त्यामुळं वजनाच्या काट्यावर पंधरा वर्षं एकच आकडा दिसत राहिला, तरी त्या आकड्याच्या आत स्नायूंची जागा चरबीनं घेतलेली असू शकते. स्नायू घटल्याचा परिणाम फक्त ताकदीवर होत नाही. जेवणातली साखर रक्तातून उचलून साठवण्याचं सर्वांत मोठं काम स्नायूच करतात. ते कमी झाले की तीच भाकर आणि तोच भात पूर्वीपेक्षा जास्त चरबीत जातो. पोट सुटण्यामागं हे कारण असताना जेवण कमी करणं म्हणजे स्नायूंची उरलेली शिदोरीही काढून घेणं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये केलेल्या 'लासी' पाहणीत देशातल्या साठीपुढच्या सुमारे एकचतुर्थांश लोकांचं वजन गरजेपेक्षा कमी आढळलं. आपल्याकडं म्हातारपणीचा कृशपणा स्थूलतेइतकाच मोठा प्रश्न आहे. तो सोसला जातो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

पुढं जाण्याआधी एक खबरदारी. पुढं आलेलं प्रत्येक पोट चरबीचं नसतं. हाडं ठिसूळ होऊन मणके दबले की पाठीला बाक येतो, उंची कमी होते, फासळ्या आणि कमरेचं हाड यांतलं अंतर घटतं आणि पोटातल्या अवयवांना पुढं सरकण्यावाचून वाट उरत नाही. अशा बाईनं कितीही उपास केले तरी ते पोट आत जाणार नाही. अनेक बाळंतपणांनी सैल झालेले पोटाचे स्नायू, बद्धकोष्ठ, हर्निया, पोटात झालेलं पाणी किंवा अंडाशयाची गाठ, ही कारणंही असतात. थोड्या दिवसांत घेर वाढला, पोट ताठ लागू लागलं किंवा पायांवर सूज आली तर आधी तपासणी हवी. तसंच प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग, मनाचा उदासपणा आणि अगदी पडलेले दात, या सगळ्यांचा विचार डॉक्टरांकडून झाला पाहिजे. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय इथं या तपासण्यांची सोय आहे. ही कारणं नाहीत असं ठरल्यावरच पुढचा विचार लागू होतो.

आता मुख्य प्रश्न. खाणं वाढवलं तर ते नेमकं कुठं जातं? अमेरिकेतल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रात पंचवीस निरोगी तरुणांना आठ आठवडे गरजेपेक्षा बरंच जास्त अन्न दिलं गेलं. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. एका गटाच्या आहारात प्रथिनं फक्त ५ टक्के ऊर्जेपुरती होती, दुसऱ्यात १५ टक्के आणि तिसऱ्यात २५ टक्के. चरबी तिन्ही गटांची जवळपास सारखीच वाढली. पण कमी प्रथिनांच्या गटात चरबी सोडून उरलेलं वजन ०.७ किलोंनी घटलं आणि बाकीच्या दोन गटांत ते साधारण तीन किलोंनी वाढलं. म्हणजे नुसतं भरपूर खाल्लं आणि त्यात प्रथिनं नसली, तर पोट वाढत असतानाच हातपाय वाळू शकतात. दुसरा पुरावा थेट वृद्धांचा आहे. संशोधक मारिया फियातारोन यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या शंभर अशक्त रहिवाशांवर प्रयोग केला. त्यांचं सरासरी वय ८७ होतं. काहींना फक्त पौष्टिक पेय दिलं, काहींकडून फक्त पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही दिलं. १९९४ मध्ये छापलेल्या निष्कर्षांप्रमाणं दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसत्या पेयानं ताकदीत फरक पडला नाही. हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवले की वाट स्पष्ट होते. वाढीव अन्नात प्रथिनं हवीत आणि त्या प्रथिनांना स्नायूंकडं बोलावणारा ताणही हवा. यांतलं एक गळलं की वाढलेल्या वजनातला मोठा भाग चरबीचाच राहतो.

आपल्या घरांत मात्र कुणी वाळलं की 'अंगाला लागावं' म्हणून शिरा, लाडू, साखर-तूप आणि केळी पुढं केली जातात. त्यामागची माया खरी असते, पण त्या ताटात ऊर्जा भरपूर आणि प्रथिनं थोडी असतात. वृद्धांच्या आहाराचा विचार करणाऱ्या 'प्रॉट-एज' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०१३ मध्ये वजनाच्या दर किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली. पंचेचाळीस किलोंच्या बाईला वरच्या हिशेबानं ५४ ग्रॅम लागतात. हा आकडा मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात गाठता येतो. दिवसभरात जवारीच्या दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरींतून १५ ग्रॅम मिळतात. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून साडेसहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, पाव लिटर दूध किंवा दह्यातून आठ आणि तीस ग्रॅम हरभऱ्याच्या उसळीतून सहा. एवढ्यावर साधारण ४२ भरतात. उरलेली बारा लातूरच्या शिवारातच उभी आहेत. तीस ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे अकरा ग्रॅम प्रथिनं असतात. लातूरची बाजारपेठ तूर आणि सोयाबीनच्या मोठ्या आवकीसाठी राज्यभर ओळखली जाते. पण सोयाबीनचं तेल निघतं, प्रथिनांनी भरलेली पेंड बहुतांशी पशुखाद्यात जाते आणि ते पीक खुरपणाऱ्या बाईच्या ताटात त्यातलं जवळपास काहीच येत नाही. सोयाबीन कच्चं दळू नये. त्यातले पचनाला आडवे येणारे घटक उष्णतेनं मोडावे लागतात. वीस-पंचवीस मिनिटं उकळून, वाळवून, नऊ भाग गव्हात एक भाग मिसळून दळावं. उरलेली गरज उसळीनं किंवा सोयावड्यांनी भागते. माळकरी आणि लिंगायत घरांत अंडं चालत नाही. तिथं हाच मार्ग आहे. जिथं चालतं तिथं एका अंड्यातून सहा-सात ग्रॅम सहज मिळतात.

प्रथिनं दिवसभरात कशी वाटली जातात, यालाही महत्त्व आहे. वयस्क पुरुषांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की म्हातारे स्नायू थोड्या प्रथिनांना दाद देत नाहीत. एका वेळेला वजनाच्या किलोमागं साधारण ०.४ ग्रॅम मिळाली की स्नायू बांधण्याचं काम जोमानं चालतं. पंचेचाळीस किलोंना ती अठरा ग्रॅम होतात, म्हणजे तीन वेळेचे मिळून चोपन्न. आपल्याकडं सकाळ चहा, टोस्ट आणि खारीवर जाते, त्यामुळं दिवसाचा एक तृतीयांश भाग वायाच गेलेला असतो. सकाळी शेंगदाण्याची चटणी आणि दह्याबरोबर धपाटं खाल्लं, नाहीतर मुगाचं धिरडं आणि कपभर दूध घेतलं, तर मोठा फरक पडतो. टोस्ट-खारीबद्दल आणखी एक मुद्दा आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांना सात आठवडे पामतेलाचे किंवा सूर्यफूल तेलाचे केक जादा खायला दिले. वजन दोन्ही गटांचं सारखंच, १.६ किलोंनी वाढलं. पण पामतेलाच्या गटात यकृतातली आणि पोटातली चरबी जास्त वाढली आणि सूर्यफुलाच्या गटात चरबीविरहित भाग जास्त वाढला. बेकरीतली खारी आणि पाकिटातलं फरसाण बहुधा पामतेलात किंवा वनस्पती तुपातच असतं. करडईचं तेल सूर्यफुलाच्याच जातकुळीचं, लिनोलेइक आम्लानं भरलेलं आहे. करडई हे तर मराठवाड्याचं स्वतःचं रब्बी पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम'सारखे तिचे वाण काढले आहेत. घाण्याच्या करडई तेलाकडं परतायला त्यामुळं आणखी एक सबळ कारण मिळतं. अर्थात तेल कुठलंही असो, ते मोजूनच वापरायचं.

उपासांचा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि तो मान राखूनच सोडवायला हवा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरली तर महिन्याचे दहा-बारा दिवस सहज उपासाचे होतात, आणि त्या दिवशी साबुदाणा येतो. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काहीच नसतं. त्याच उपासात चालणाऱ्या राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागं तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात आणि शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. राजगिऱ्याची भाकर, शेंगदाण्याची आमटी, दूध आणि ताक घेतलं तर व्रतही मोडत नाही आणि स्नायूंची उपासमारही होत नाही. दिवसभर निरंकार राहण्याचे उपास मात्र चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या बाईनं कमी करावेत, हे घरातल्या माणसांनीच तिला समजावलं पाहिजे. ती स्वतःहून ते सोडणार नाही.

आता ताणाची, म्हणजे व्यायामाची गोष्ट. इथं पहिला आक्षेप येतो की जन्मभर शेतात राबलेल्या बाईला व्यायाम कशाला? कष्ट तिनं केले, यात शंका नाही. पण खुरपणीत, वेचणीत तेच हलकं काम तासन्‌तास चालतं. त्यानं दम वाढतो, कंबर झिजते, स्नायू फारसे वाढत नाहीत. स्नायू वाढायला थोडा वेळ पण चढता भार लागतो आणि पाठीमागं पुरेसं अन्न लागतं. तिनं कष्ट अर्धपोटी केले होते. शिवाय शेतातून घरी बसल्यावर तेवढंही उरत नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता आठ-दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, टाचा उचलून उभं राहणं, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर उचलणं, हे आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावं. सोपं वाटू लागलं की किलोभर डाळीची पिशवी छातीशी धरून उठावं. भार चढता ठेवणं हेच यातलं मर्म आहे. दुसरा आक्षेप गुडघ्यांचा. दुखणाऱ्या गुडघ्याला मांडीचे सशक्त स्नायूच आधार देतात. उंच खुर्चीपासून सुरुवात केली तर बहुतेकींना हे झेपतं. हाडं विरळ झालेल्या बायकांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या 'लिफ्टमोर' प्रयोगात देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनांचा व्यायाम आठ महिने दिला, तेव्हा कण्याच्या हाडाची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. मात्र अंग बाहेर येण्याचा त्रास, हर्निया किंवा हृदयविकार असेल, तर भार डॉक्टरांना विचारूनच वाढवावा. आणि पोट जिरवण्यासाठी पुढं वाकण्याचे पोटाचे व्यायाम करू नयेत. एका ठिकाणचा व्यायाम त्याच ठिकाणची चरबी जाळत नाही, आणि ठिसूळ मणके पुढं वाकवण्यानं इजा होऊ शकते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आधी पोट उतरवावं, मग वजन वाढवावं, हे बरं नाही का? तरुण, भरल्या अंगाच्या माणसाला तो क्रम चालेल. कृश वृद्धेला तो धोक्याचा आहे, कारण उपासानं उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि साठीनंतर गेलेला स्नायू परत मिळवणं अवघड असतं. पासष्टीपुढच्या सुमारे १,९८,००० लोकांवरच्या बत्तीस अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीएमआय २३ च्या खाली जाऊ लागला तसा मृत्यूचा धोका वाढताना दिसला. ही आकडेवारी मुख्यतः पाश्चात्त्यांची आहे आणि आपल्याकडं कमी वजनावरच मधुमेह गाठतो, हे खरं. पण पंचेचाळीस किलोंच्या आतल्या कृश बाईला आणखी वाळवणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. चौथा आक्षेप मूत्रपिंडांचा. मूत्रपिंडं निरोगी असतील तर इतक्या प्रथिनांनी ती बिघडत नाहीत. आधीच दुखणं असेल, किंवा मधुमेह नि रक्तदाब जुना असेल, तर रक्तातलं क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रमाण ठरवावं. पाचवा आक्षेप पचनाचा. म्हातारपणी भूक मंदावते, म्हणून थाळी मोठी करण्यापेक्षा वेळा वाढवाव्यात, डाळी भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून घ्याव्यात. रोजच्या जेवणात मूठभर शेंगदाणे आणि कपभर दूध वाढवलं की तीनशेच्या आसपास कॅलरी होतात. सुरुवातीला एवढी वाढ पुरे. खर्चाचा मुद्दाही खरा आहे. पण डबाबंद प्रोटीन पावडरीच्या किमतीत महिनाभराची डाळ, शेंगदाणे आणि सोयाबीन येतं.

प्रगती मोजताना केवळ काटा किंवा केवळ पोट पाहिलं तर फसगत होते. महिन्याला अर्धा ते एक किलो वाढ पुरेशी आहे. त्याहून वेगानं चढलेलं वजन बहुधा चरबीचं असतं. कमरेचा घेर शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेपनं मोजावा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानली जाते. त्याबरोबर पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार बाईची पोटरी ३३ सेंटिमीटरपेक्षा बारीक असेल, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठायला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. वजन वाढताना पोटरी भरत असेल, उठणं सोपं होत असेल आणि कंबर एखाद्या सेंटिमीटरनं वाढली असेल, तर ते यश आहे. घाबरून जेवण तोडू नये. वजन आणि कंबर दोन्ही वाढतायत पण पोटरी तिथंच आहे, तर गोड आणि तळलेलं कमी करून प्रथिनं आणि भार वाढवावा. थोडी चरबी येणारच, हे मान्य केलं पाहिजे. ती शरीराच्या कुठल्या भागावर बसेल हे मोठ्या प्रमाणात जन्मानं ठरतं. कॅनडात जुळ्या भावांना सारखंच जादा जेवण दिलं तेव्हा कुणाचं वजन ४.३ किलोंनी वाढलं, तर कुणाचं १३.३, पण एकाच जोडीतल्या दोघांची चरबी बरीचशी सारख्या प्रमाणात आणि सारख्याच ठिकाणी साठली. म्हणून आपलं पोट शेजारणीच्या पोटाशी ताडून पाहू नये.

हे सगळं एकट्या म्हाताऱ्या बाईवर सोडून चालणार नाही. गावोगावच्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांचा तक्ता भरतात आणि त्यात कमरेचा घेर मोजला जातो. तोच टेप साठीपुढच्या बाईच्या पोटरीभोवती एकदा फिरवला आणि तिला खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगितलं, तर जादा खर्चाशिवाय कळेल की हिला उपास सांगायचा की वरणाची दुसरी वाटी. घरातही नियम बदलता येतो: जिचं वजन सर्वांत कमी, तिचं ताट आधी वाढायचं आणि डाळ तिला घट्ट द्यायची. मराठवाड्याच्या या पिढीनं स्वतःच्या वाट्याचं अन्न आयुष्यभर दुसऱ्यांना दिलं. तिच्या उतारवयात तिला 'पोट सुटलंय, कमी खा' असं सांगणं शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही. तिला भरपेट वरण-भाकर द्यावी आणि पायांत बळ येईल असं काम द्यावं. तिच्या पोटावरचा शहाणपणाचा उपायही तोच आहे.